डाएट सोडा सोडायचाय? आधी कॅनमधलं नेमकं काय सुटत नाही ते ओळखा

दुपारी साडेतीनला फ्रीज उघडायचा, कॅनची कडी ओढायची, तो 'फस्स' आवाज ऐकायचा आणि पहिला घोट घशाला टोचला की मगच पुढचं काम सुचायचं. माझी ही सवय जवळजवळ नऊ वर्षं टिकली, दिवसाला तीन कॅन. साखर नाही म्हणजे अपाय नाही, असं मी धरून चालले होते. सोडायचा प्रयत्न तीनदा केला आणि तिन्ही वेळा एकाच कारणाने फसला. मी कॅनच्या जागी साधं पाणी ठेवत होते. पाण्याने तहान भागते, पण साडेतीन वाजता मला तहान लागलेलीच नसायची.

चौथ्या वेळी मी उलट बाजूने सुरुवात केली. कॅनमधून मला काय मिळतं ते आधी शोधलं आणि त्याला जोड म्हणून पेय बनवलं. तीच पद्धत इथे क्रमाने लिहिते आहे.

घाबरून नको, समजून सोडा

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी वापरली जाणारी गोडवा देणारी द्रव्यं वापरू नयेत, कारण दीर्घकाळात त्यांचा त्यासाठी फायदा दिसत नाही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ही सूचना लागू नाही, हे तिथेच स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या २ब गटात टाकलं आणि एकच धावपळ उडाली. मात्र रोज किती ॲस्पार्टेम चालेल याची मर्यादा, अन्नात मिसळली जाणारी द्रव्यं तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने बदलली नाही. ती आजही शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम आहे. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन लागतील.

म्हणजे काल प्यायलेल्या कॅनने रात्रीची झोप उडवण्याचं कारण नाही. मला सोडावासा वाटला तो दुसऱ्या कारणाने. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असतं, सुक्रालोज ६०० पट. दिवसभर जिभेला त्या पट्टीची सवय लागली की पिकलेलं फळसुद्धा फिकं वाटू शकतं. शिवाय कॅनमधलं फॉस्फोरिक आणि सायट्रिक आम्ल दातांवर दिवसभर काम करत राहतं, ते वेगळंच.

एक चूक जी सगळे करतात

पहिल्या उत्साहात मी लिंबाचा पाक करून बाटली भरून ठेवली. घरचं, ताजं, रंग नाही, रसायन नाही. माझ्या नवऱ्याला मधुमेह आहे. त्याने कौतुकाने दोन दिवस ते प्यायलं आणि ग्लुकोमीटरवरचा आकडा दोन्ही दिवस चढलेला दिसला. तेव्हा मी पहिल्यांदा साखर वजनकाट्यावर मोजली. एका ग्लासात २८ ग्रॅम निघाली. ३५५ मिलीच्या साध्या कोलात ३९ ग्रॅमच्या आसपास असते. मी त्याच्या फार मागे नव्हते.

डाएट सोडा सोडून गोड सरबतावर येणं म्हणजे शून्य साखरेवरून भरपूर साखरेवर येणं. मध, गूळ, खजुराचा पाक हे सगळं साखरेच्याच हिशेबात धरायचं. फळांचा रससुद्धा त्यातच येतो, कारण रस काढला की तंतू चोथ्यात राहतो आणि साखर ग्लासात येते. २०० मिली संत्र्याच्या रसात चार चमच्यांच्या आसपास साखर असते. फळ खा, रस चवीपुरता वापरा.

चार दिवस फक्त लिहा

पहिले चार दिवस काहीही बदलू नका. जेवढे कॅन पीत असाल तेवढे प्या, पण प्रत्येक कॅनला तीन गोष्टी टिपा: वेळ, त्या क्षणी काय चाललं होतं, आणि पहिल्या घोटात नेमकं काय बरं वाटलं. तिसरी गोष्ट लिहायला थोडं थांबावं लागतं. थांबाच.

माझ्या वहीत सकाळच्या कॅनपुढे 'डोकं उघडलं' असं होतं. साडेतीनच्या पुढे 'टोचलं, थंड' आणि रात्रीच्या पुढे 'जेवणानंतर गोड'. एकच पेय, पण मी ते तीन वेगवेगळ्या गरजांसाठी पीत होते. सकाळी कॅफिन, दुपारी बुडबुडे, रात्री गोडी. तिन्हींना एकच पर्याय शोधत होते म्हणून एकही लागू पडत नव्हता. तुमच्या वहीत कदाचित असंही निघेल की पेयाचं काहीच नाही, खुर्चीतून उठायला निमित्त हवं होतं. तेही खरं कारण आहे, लिहून ठेवा.

कॅफिनचा हिशेब वेगळा करा

सोडा सोडल्यावर दुसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागतं आणि माणसाला वाटतं, शरीराला सोडाच हवाय. ते दुखणं बहुतेक वेळा कॅफिन तुटल्याचं असतं. शेवटच्या कॅफिननंतर १२ ते २४ तासांत ते सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतं आणि कमाल नऊ दिवसांत ओसरतं. एका ३५५ मिली डाएट कोकमध्ये ४६ मिलिग्रॅम कॅफिन असतं, साध्या कोकपेक्षा जास्त. तीन कॅन म्हणजे १३८.

म्हणून एकदम तोडू नका. सकाळच्या कॅनच्या जागी कपभर कोरा चहा किंवा कॉफी घ्या आणि गोड कमी घाला. कॅफिन मिळत राहिलं की डोकं शांत राहतं आणि तुम्हाला फक्त कॅनशी सामना करावा लागतो. संध्याकाळचा कॅन आधी बंद करा, कारण शरीरातलं निम्मं कॅफिन उतरायला साधारण पाच तास लागतात आणि त्याचा त्रास झोपेला होतो. मग दर चार-पाच दिवसांनी एक कॅन कमी. मला यात पंधरा दिवस गेले आणि डोकं एकदाही दुखलं नाही.

बुडबुडे: इथे कंजुषी नको

ज्यांच्या वहीत 'टोचलं' हा शब्द आहे त्यांनी बिनबुडबुड्यांच्या पेयांवर वेळ घालवू नये. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल होतं आणि ते जिभेला आंबट लागतं व टोचतंही. आपल्याला त्या टोचण्याचीच ओढ असते. साधा सोडा विकत घ्या किंवा घरी मशीनवर करा, दोन्ही चालतं. लेबल मात्र वाचा. काही सोड्यांत मीठ असतं, ते रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावं. टॉनिक वॉटर दिसायला सोड्यासारखं असलं तरी त्यात साखर असते.

बुडबुडे टिकवायचं गमक थंडीत आहे. शून्य अंशाजवळच्या पाण्यात हा वायू २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट विरघळतो. मशीनमध्ये घालायचं पाणी आधी रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मशीनमध्ये फक्त पाणीच घाला. रस किंवा चहा घातला तर फेस उसळून वर येतो, नळी बुजते, दाब अडकतो.

ग्लासात ओतायचाही एक क्रम आहे. आधी अर्क (म्हणजे चवीचं घट्ट पाणी, त्याच्या कृती पुढे आहेत), मग बर्फ, शेवटी सोडा. बर्फ एकदा पाण्याखाली धरून ओला करून घ्या, कारण कोरड्या खरखरीत बर्फावर बुडबुडे भराभर फुटतात. ग्लास तिरका धरून सोडा कडेने ओता, चमचा एकदाच तळापासून वर आणा आणि थांबा. ढवळत बसलात की सगळी मेहनत हवेत जाते.

सोड्याने हाडं ठिसूळ होतात ही भीती पुष्कळांना असते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममधल्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली, पण कोला नसलेल्या फसफसत्या पेयांबाबत तसा संबंध दिसला नाही. ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट वर येतं, त्यांनी मात्र बुडबुडे कमीच ठेवावेत.

आल्याचा अर्क: माझ्या घरचा मुख्य आधार

सोड्याच्या टोचण्याला सगळ्यात चांगली साथ आल्याची मिळते. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉलमुळे येतो. आलं शिजलं की त्यातल्या काही भागाचं सौम्य, सुगंधी झिंजेरॉन होतं. म्हणून नुसतं उकळलेलं आलं वासाला छान पण घशाला मिळमिळीत लागतं, आणि नुसतं कच्चं आलं घसा जाळतं पण त्याला खोली नसते. मी दोन्ही वापरते.

लागणारं साहित्य: १५० ग्रॅम ताजं आलं, ६०० मिली पाणी, चार-पाच मिरे, एका लिंबाची किसलेली साल, दोन लिंबांचा रस, चिमूटभर मीठ.

आलं चमच्याच्या कडेने खरवडून सोला. सुरीने सोललं तर सालीबरोबर चांगलं आलंही जातं. त्यातलं १०० ग्रॅम जाडसर किसून मिरे आणि पाण्याबरोबर अगदी मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. खळखळून उकळू देऊ नका, कडेला बारीक बुडबुडे आले की पुरे. गॅस बंद करून लिंबाची साल घाला, झाकण ठेवा. साल किसताना पांढरा भाग येऊ देऊ नका, तो कडू असतो. पूर्ण गार झाल्यावर उरलेलं ५० ग्रॅम कच्चं आलं बारीक किसून फडक्यात घ्या आणि त्याचा रस या पाण्यात पिळा. गाळा, लिंबाचा रस आणि मीठ घाला.

अर्क बाटलीत तासभर ठेवला की तळाशी पांढरा थर बसतो. तो आल्यातला स्टार्च असतो. वरचं निथळ दुसऱ्या बाटलीत हळूच ओतून घेतलं की पेय पिठूळ लागत नाही. पहिल्यांदा मी हा थर ढवळून टाकत असे आणि चव का बसत नाही ते कळत नसे.

३० मिली अर्काला २२० मिली थंडगार सोडा. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि एका ग्लासाला एक-दोन खडे टाका. यात साखर अजिबात नाही, म्हणून पहिला घोट झणझणीत लागेल. गोडीचं पुढे सांगते.

कोलाचीच चव हवी असेल तर

हुबेहूब होणार नाही, तो हट्ट सोडा. पण कोलाच्या चवीत काय असतं हे कळलं की जवळ जाता येतं. त्यात लिंबूवर्गीय सालींचं तेल, दालचिनी, जायफळ, धणे आणि व्हॅनिला यांचा मेळ असतो.

अर्धा लिटर पाण्यात एका संत्र्याची आणि एका लिंबाची साल (वरचा रंगीत भागच), बोटभर दालचिनी, चमचाभर ठेचलेले धणे आणि चिमूटभर जायफळ मंद आचेवर बारा मिनिटं ठेवा. गॅस बंद करून दोन चमचे काळा चहा टाका आणि बरोबर चार मिनिटांनी गाळा. चहाने रंग येतो, थोडा तुरटपणा येतो आणि अगदी थोडं कॅफिनही. गार झाल्यावर व्हॅनिलाचे पाच-सहा थेंब आणि एका लिंबाचा रस. ६० मिली अर्काला १८० मिली सोडा. चहा पाच मिनिटांपुढे गेला तर पेय कडवट होतं आणि ते मग कशानेही सावरत नाही.

दालचिनी रोज खूप घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. जाड सालीच्या, कॅशिया प्रकारच्या दालचिनीत कुमारिन नावाचं द्रव्य असतं आणि ते जास्त प्रमाणात यकृताला मानवत नाही. पातळ पापुद्र्यांची, गुंडाळीसारखी दालचिनी त्या मानाने बरी.

थंड मुरवलेला चहा

बुडबुडे नको असणाऱ्यांसाठी यासारखं सोपं काही नाही. एक लिटर थंड पाण्यात आठ ते दहा ग्रॅम चहापत्ती टाकून बरणी फ्रीजमध्ये ठेवा, सहा-आठ तासांनी गाळा. थंड पाण्यात तुरट-कडू द्रव्यं कमी उतरतात, म्हणून हा चहा साखरेवाचूनही मऊ लागतो. हिरवा, काळा, दोन्ही चालतात. पुदिन्याची डहाळी किंवा संत्र्याच्या दोन चकत्या टाकल्या की वास खुलतो. बरणी उन्हात ठेवून चहा मुरवायची पद्धत काहीजण सांगतात, ती नको. कोमट पाण्यात तासन्‌तास जिवाणू वाढायला पुरेसा वाव असतो.

आंबट आणि लाल रंग हवा असेल तर अंबाडीची सुकी लाल बोंडं अशीच मुरवा. ती रक्तदाब थोडा उतरवतात, त्यामुळे रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

आंबवून बुडबुडे काढायचे असतील

हे आवडीचं काम आहे, सवय सोडायला त्याची गरज नाही. किसलेलं आलं, साखर आणि पाणी रोज थोडं थोडं घालून पाच-सहा दिवस ठेवलं की आल्याच्या सालीवरचे यीस्ट जागे होतात आणि फेस धरतो. हे विरजण गोड केलेल्या आल्याच्या पाण्यात घालून बाटली बंद केली की वायू आतच विरघळतो. काचेची साधी बाटली वापरू नका, दाबाने फुटते. प्लॅस्टिकची सोड्याची बाटली घ्या. बोटाने दाबून ती दगडासारखी कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. यीस्ट सगळी साखर संपवत नाही आणि थोडं अल्कोहोलही तयार होतं. मुलांना, गरोदर स्त्रीला आणि मधुमेह असणाऱ्याला हे पेय देऊ नये.

गोडी उतरवायची शिडी

सर्वात जास्त धीर इथे लागतो. जीभ एका दिवसात बदलत नाही, पण बदलते.

पहिल्या आठवड्यात २५० मिलीच्या ग्लासाला एक सपाट चमचा साखर घ्या, म्हणजे ४ ग्रॅम. साध्या कोलाच्या एका कॅनच्या दहाव्या हिश्शाइतकी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊण चमचा, चौथ्यात अर्धा, पाचव्यात पाव, मग बंद. चमचा डोळ्यांनी मोजू नका, छोटा वजनकाटा वापरा. उंचवटा आलेला चमचा सहज सात ग्रॅमचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. दिवसातला शेवटचा दाणासुद्धा त्याच २५ मध्ये बसवायचा आहे, हे लक्षात ठेवून ग्लास मोजा.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ही शिडी चढूच नये. त्यांनी आणि इतरांनीही वासाची मदत घ्यावी. व्हॅनिला, दालचिनी, पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू ते पेय जास्त गोड धरतो, साखर असो वा नसो. चिमूटभर मिठाने कडूपणा दबतो आणि आहे ती गोडी वर येते. आणखी एक, अती थंड पेय कमी गोड लागतं. साखर उतरवण्याच्या आठवड्यात बर्फाचा एकच खडा टाका.

साखरेऐवजी ज्येष्ठमध घालावं असं पुष्कळजण सुचवतात. कधीमधी काडी चघळणं वेगळं, पण रोजच्या पेयात ते घालू नका. त्यातल्या ग्लिसरायझिनने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं.

दात सांभाळा

दातांवरचं कवच साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागतं (पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं पेय जास्त आंबट). लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो, म्हणजे कोलाइतकाच आंबट. घरचं आहे म्हणून दिवसभर घोट घोट घेत बसलात तर दातांचं नुकसान व्हायचं ते होतंच. ग्लास जेवणाबरोबर किंवा एका बैठकीत संपवा, नळी वापरा, नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-एक तास तरी ब्रश करू नका, कारण आम्लाने मऊ झालेलं कवच ब्रशने झिजतं. अधल्यामधल्या वेळी काकडी-पुदिन्याचं पाणी किंवा नुसता सोडा.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांच्या रसातल्या पोटॅशियमचं आणि कोणत्याही पेयातल्या मिठाचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ग्रेपफ्रूट काही औषधांचा परिणाम वाढवतं, गोळ्या चालू असतील तर ते वापरू नका. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका.

फ्रीजची मांडणी

कॅनचं मोठं बळ हे की तो तयार असतो. साडेतीन वाजता आलं किसायला कोणी उठत नाही. आठवड्यातून एकदा अर्क करा, खडे गोठवा, सोड्याच्या दोन बाटल्या कायम थंड ठेवा आणि जिथे कॅन असायचे त्याच कप्प्यात ठेवा. हात सवयीने तिथेच जातो, त्याला तिथे काहीतरी सापडू द्या. बाहेर निघताना अर्क छोट्या बाटलीत घ्या, साधा सोडा कुठेही मिळतो.

मधेच एखादा कॅन प्यायला गेला तर वहीत त्याची वेळ आणि कारण लिहा. तेच कारण आठवड्यात दोनदा दिसलं, तर त्या वेळेचा ग्लास आदल्या रात्रीच भरून ठेवा: तळाशी अर्क, वर झाकण, शेजारी सोड्याची थंड बाटली.